एमजीबीची टिकटिक: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती घरच्या घरी कशी काढावी

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली की पहिल्या थंडीत एक आवाज हमखास भेटतो. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक, आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की आवाज गायब. आपण मनाशी म्हणतो, जाऊ दे, थांबला. मीही दोन महिने हेच म्हणत होतो. मग एका रविवारी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीहून अ‍ॅबिंग्डनला जाताना हीटर लावला आणि अर्ध्या तासात डोकं जड झालं. काचा खाली केल्यावर बरं वाटलं. आवाज थांबला होता, गळती थांबली नव्हती.

हा लेख अशा नवख्या मालकांसाठी आहे ज्यांना पाना धरता येतो, पण मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून पाइपकडे नेणाऱ्या बिडाच्या भागाला, हात लावायची भीती वाटते. माझी गाडी 1969 ची एमजीबी जीटी. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. इंजिन 1798 सीसीचं, बी-सिरीजचं. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे इंजिन परकं वाटायचं कारण नाही. आपल्या अ‍ॅम्बेसेडरला कित्येक वर्षं जे 1489 सीसीचं इंजिन होतं, ते याच घराण्यातलं धाकटं भावंड. अ‍ॅम्बेसेडरची इंजिनं उघडलेला एखादा जुना मिस्त्री ओळखीचा असेल तर त्याला एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवा, तो दोन मिनिटांत बोट ठेवेल.

ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सोय छान आहे, पण त्याचा अर्थ असा की सायलेन्सरची गळती दाखवून देणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. ते आपल्यालाच बघायचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बॉनेटखालचा धूर केबलींच्या भोकांतून आणि हीटरच्या वाटेने आत येतो. म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवल्याशिवाय यातली एकही चाचणी करू नका.

आधी आवाज कशाचा ते ठरवा

टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) आवाज आणि मॅनिफोल्डचा आवाज यांत भलेभले फसतात. टॅपेट सैल असेल तरी टिकटिक, मॅनिफोल्डच्या सांध्यात दाबून बसवलेली पातळ गॅस्केट फुंकत असेल तरी टिकटिक. शिवाय दोन्हींची लयही सारखीच असते, कारण एका सिलिंडरचा धूर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा बाहेर पडतो आणि टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो.

पण बी-सिरीजमध्ये एक गंमत आहे. याच्या हेडला (सिलिंडरांवर बसलेल्या झाकणाला) एक्झॉस्टची चार नाही, तीनच तोंडं आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून मधलं एक. पेटण्याचा क्रम 1-3-4-2. म्हणजे तिसरा आणि दुसरा सिलिंडर यांच्यात बरोबर एका फेरीचं अंतर पडतं. म्हणून मधलं तोंड गळत असेल तर टिकटिक दर फेरीला होते, टॅपेटच्या दुप्पट वेगाने. टोकाचं तोंड गळत असेल तर टॅपेटच्याच लयीत. एकदा हे कळलं की कान आपोआप मोजायला लागतो. माझ्या गाडीत आवाज दुप्पट होता, आणि दोष मधल्या तोंडाशीच निघाला.

दुसरी खूण भाराची. गाडी चढावर लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डची टिकटिक जोर धरते, फटफट होते. टॅपेट भाराची फारशी पर्वा करत नाही. तिसरी खूण: उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फुटाणे फुटल्यासारखे बार. गळतीच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेट घेतं. इथे पुष्कळ जण हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला लागतात. फिरवू नका. एक्झॉस्टच्या गळतीने मिश्रण बिघडत नाही. तुम्ही मात्र ते बिघडवून ठेवाल, आणि मग दोन दोष शोधत बसाल.

आता डोळ्यांनी बघा. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काजळी दिसते का ते पाहा. ताजी गळती काळी, पंख्यासारखी पसरलेली रेघ सोडते. जुनी गळती राखाडी असते. एक साधा रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं सांध्याच्या कडेने फिरवा. जिथे गळती असेल तिथे आवाज एकदम कानात शिरतो. नळी पंख्यात जाऊ देऊ नका.

खात्रीची चाचणी थंड इंजिनावर होते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी ज्या बाजूने हवा बाहेर फेकते तिथे लावा, दुसरं टोक सायलेन्सरच्या मागच्या तोंडात घालून भोवती ओलं फडकं गुंडाळा. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी सांध्यांवर शिंपडा. बुडबुडे आले तिथे गळती. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तोच प्रकार. अगरबत्तीचा धूर फिरवून गळती शोधा असंही कुणीतरी सांगेल. एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर नेमके मॅनिफोल्डच्या वरच बसलेले आहेत. तिथे पेटती काडी न्यायची नाही, एवढंच सांगतो.

गळती का होते, हे पाहिल्याशिवाय गॅस्केट मागवू नका

मी याच जागी घसरलो, म्हणून इथे जरा थांबतो. पहिल्यांदा मी गॅस्केट आणली, बदलली, तीन आठवड्यांत पुन्हा टिकटिक. दुसरी आणली, या वेळी नट जास्त घट्ट आवळले, महिनाभर टिकली. तिसरी आणायच्या आधी शहाणपण सुचलं आणि गॅस्केट मरते कशाने हे शोधायला बसलो.

एमजीबीमध्ये हवा आत घेणारं इनलेट मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दोन्ही हेडच्या एकाच बाजूला आहेत. त्यांना धरणारे स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले आटेदार दांडे, सहा. दोन टोकांचे फक्त एक्झॉस्ट धरतात. मधले चार स्टड एकाच वेळी दोन्ही मॅनिफोल्ड धरतात. एक जाडजूड वॉशर, त्याचा अर्धा भाग इनलेटच्या फ्लँजवर (सांध्याच्या सपाट कडेवर), अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर, आणि मध्ये एक नट. म्हणजे एका पाटाखाली दोन विटा. दोन्ही विटा एकाच जाडीच्या असतील तर पाट सपाट बसतो. एक जाड, एक पातळ असली की पाट कलतो आणि सगळा दाब जाड विटेवर जातो.

माझ्या गाडीत आधीच्या मालकाने कधीतरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदललं होतं आणि इनलेट जुनंच ठेवलं होतं. व्हर्निअरने मोजलं तर एक्झॉस्टची फ्लँज जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने पातळ. नट कितीही आवळला तरी वॉशर इनलेटलाच दाबत होता. पातळ फ्लँजखालची गॅस्केट मोकळीच राहायची, धूर तिला रोज थोडी थोडी जाळायचा. दोन गॅस्केटचे पैसे गेले ते या अर्ध्या मिलिमीटरपायी.

दुसरं कारण लटकणारा सायलेन्सर. मॅनिफोल्डखालून निघणारा पाइप गिअरबॉक्सजवळ एका कंसाने धरलेला असतो. तो कंस तुटला किंवा त्याचं रबर मेलं, की पाइपचं सगळं वजन आणि इंजिनाचे हादरे मॅनिफोल्डवर येतात. इंजिनाची माउंटिंग रबरं चिरली असतील तरी तेच. मॅनिफोल्ड बिडाचं आहे. बीड दाब सोसतं, वाकवणं सोसत नाही. गाडीखाली जा, पाइप हाताने हलवून बघा. सगळा पाइप डुलत असेल तर आधी तो कंस.

तिसरं कारण म्हणजे वाकलेलं मॅनिफोल्ड, आणि चौथं भेग. ती दोन्ही उघडल्यावर कळतात.

हत्यारं आणि सामान

ही गाडी इंचाच्या मापांची आहे. मॅनिफोल्डच्या नटाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आपल्या पेटीत 13 चा पाना असतोच, तो बसतोही, आणि तिथेच घात होतो. नट पितळी आहेत, मऊ आहेत. सैल पाना एकदा घसरला की कोपरे गोल झालेच. अर्ध्या इंचाचा सहा बाजूंचा सॉकेट, एक रिंग पाना, छोटं आणि लांब एक्स्टेंशन, आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), हे घ्या. बाकी घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), जॅक, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), फूटभर लांबीची सरळ पोलादी पट्टी, पितळी ब्रश, गंजात मुरणारं पेनिट्रेटिंग ऑइल.

सामान: मॅनिफोल्डची गॅस्केट, खालच्या पाइपच्या दोन गॅस्केट, सहा नवे स्टड, नवे पितळी नट (खालच्या पाइपचेही), कार्ब्युरेटर आणि हीटशील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) कागदी गॅस्केट. नट लोखंडी का चालत नाहीत, हा प्रश्न सगळे विचारतात. लोखंडी नट लोखंडी स्टडवर तापून-थंड होऊन गंजाने एकजीव होतो. पितळ गंजत नाही आणि पुढच्या वेळी सुटतं. पुढची वेळ येतेच.

उघडणं

काम करायच्या दोन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सहाही स्टडांवर आणि खालच्या पाइपच्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. हे टाळू नका. तुटलेला स्टड म्हणजे एका दिवसाच्या कामाचे चार दिवस.

कामाच्या दिवशी इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. बॅटरीची तार काढा. 1974 पर्यंतच्या गाड्यांत पुढच्या सीटांमागे जमिनीतल्या झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. मालकाने बदलून बारा व्होल्टची एक बसवली असण्याची शक्यताही भरपूर. जवळ अग्निशामक ठेवा, कारण पुढचं काम पेट्रोलचं आहे.

एअर फिल्टर काढा. चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली सोडा. पेट्रोलची नळी काढायच्या आधी खाली फडकं ठेवा, थोडं पेट्रोल सांडतंच. नळीच्या तोंडात बोल्ट खोचून बंद करा. इंजिनाकडून येणारी ब्रीदरची नळी, डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी, आणि ब्रेकचा सर्व्हो असेल तर त्याची नळी, एकेक सोडत जा. प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढा. आपण लक्षात ठेवू असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी त्या जागी दोन नळ्या आणि एकच तोंड दिसतं.

कार्ब्युरेटर दोन्ही जोडीनेच काढा. त्यांना जोडणारे दांडे मध्ये न सोडता एकत्र उचलले तर नंतर ताळमेळ बसवायला त्रास कमी. पेट्रोल ओतून टाका आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. मागे हीटशील्ड येईल, त्याच्यासोबत उष्णता अडवणारे काळे ठोकळे आणि कागदी गॅस्केट. त्यांचा क्रमही टिपून ठेवा.

आता गाडीखाली. पुढची बाजू जॅकने उचला आणि घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. जमीन सिमेंटची आणि सपाट हवी. मॅनिफोल्डला खाली, पाइपच्या बाजूला, दोन तोंडं आहेत, प्रत्येकाला तीन नट, असे सहा. हे बहुधा सगळ्यात चिवट असतात. पान्याला नळी लावून जोर लावायचा मोह होतो. त्याऐवजी आधी किंचित घट्ट करा, मग सोडा, पुन्हा घट्ट, पुन्हा सोडा. आटे हळूहळू गंज झाडतात.

मग वरचे सहा नट. टोकापासून मधे येत, प्रत्येकी अर्धा फेरा, असे सैल करा. इंग्लंडमधल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हे काम सोपं, कारण मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आणि स्टिअरिंगचा दांडा उजवीकडे. अमेरिकेतून परत आणलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत हात घालायला जागा कमी पडते, शिव्या जास्त लागतात. नट निघाले की आधी इनलेट, मग एक्झॉस्ट उचला. एक्झॉस्ट चांगलं जड आहे, हात सुटू देऊ नका.

स्टड नटासोबत बाहेर आला तर आनंदच, तोही बदलायचाच आहे. तुटला आणि थोडा बाहेर राहिला असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून फिरवता येतो. हेडच्या पातळीत तुटला तर ड्रिल घेऊन स्वतः मध्यबिंदू शोधायला बसू नका. मशीन शॉपमध्ये न्या. तिरकं पडलेलं भोक म्हणजे हेडच गेलं.

जुनी गॅस्केट खरवडणं

गाडी जुनी आहे आणि जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 1999 मध्ये. त्याआधीची गॅस्केट अजून गाडीवर नाही, अशी खात्री तुम्ही देऊ शकत नाही. म्हणून कोरडं खरवडायचं नाही, ड्रिलला ब्रश लावून धूळ उडवायची नाही. पाण्याने भिजवा, मास्क लावा, हाताने खरवडा, ओला चोथा पिशवीत बांधा. हेडच्या बाजूला खरवडताना तोंडांत फडक्याचे बोळे घाला, आणि बोळे मोजून ठेवा. विसरलेला बोळा इंजिनात गेला की लेख लिहायला आणखी एक विषय मिळतो.

मोजणं, आणि बाबांचं रॉकेल

मॅनिफोल्ड उलटं करून बाकावर ठेवा. पोलादी पट्टी उभी धरून तीनही तोंडांवरून आडवी लावा आणि खालून फीलर गेज घालून बघा. थोडी फट गॅस्केट भरून काढते. पण टोकाला पाव मिलिमीटरचं पातं सहज जात असेल तर मॅनिफोल्ड वाकलं आहे. मशीन शॉपमध्ये त्याचा चेहरा घासून सपाट करून मिळतो. मात्र एक सांगायला विसरू नका: घासलं की फ्लँज पातळ होते. मग इनलेटच्या फ्लँजशी जाडी जुळवावीच लागते. शक्य असेल तर दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र घेऊन जा आणि दोन्ही फ्लँजा एकाच जाडीवर आणायला सांगा. मी तेच केलं. ज्यांना ते जमत नाही ते वॉशरच्या एका बाजूला कानसीने पायरी काढतात. तेही चालतं, पण चारही वॉशर एकसारखे घासणं म्हणजे संयमाची परीक्षा.

भेग शोधायला मी रंगाचा स्प्रे मागवणार होतो. त्याआधी कोल्हापूरला फोन केला. बाबांची सगळी नोकरी बिडाच्या फौंड्रीत गेली.

"बाबा, मॅनिफोल्डला भेग आहे का कसं बघू?"

"रॉकेल मिळतं का रे तिथं?"

"मिळतं, पॅराफिन म्हणतात."

"मग कशाला पैसे घालवतोस? रॉकेल फास, दहा मिनिटं मुरू दे, कोरडं पुसून काढ. वरनं खडूची पूड लाव. भेग असली तर रॉकेल परत वर येतंय बघ."

मुलीच्या खेळण्यातला पांढरा खडू घेतला, बाबांनी सांगितलं तसं केलं. सगळीकडे पूड पांढरीशुभ्र राहिली. पहिल्या तोंडाच्या मुळाशी मात्र केसाएवढी, साधारण बोटाच्या पेराएवढी लांब, ओली करडी रेघ हळूहळू उमटली. गळती मधल्या तोंडाची, आणि भेग पहिल्याशी! म्हणजे ती अजून आरपार नव्हती, पण वर्षभरात झाली असती.

भेगेचं काय करायचं? बिडाचं वेल्डिंग होतं, पण निकेलच्या काडीने, भाग आधी सगळा तापवून आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळूहळू थंड करून. घाईने केलं तर शेजारी दुसरी भेग पडते. बाबांचा सल्ला होता की भाग मिळत असेल तर बदल. मी दुसरं वापरलेलं मॅनिफोल्ड घेतलं, तेही रॉकेल-खडूने तपासूनच. विकणाऱ्याने आधी भुवया उंचावल्या, मग स्वतःच्या दुकानातल्या तीन मॅनिफोल्डांवर तो प्रयोग करून बघितला.

बसवणं

स्टडांची भोकं आट्यांच्या ब्रशने साफ करा. नवे स्टड हाताने फिरवत शेवटपर्यंत जायला हवेत. त्यांच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस, अगदी थोडं.

गॅस्केट कोरडीच बसवा. लाल सिलिकॉन लावू नका. ते ऑइल पॅनसाठी ठीक आहे, मॅनिफोल्डच्या उष्णतेला ते जळून कोळसा होतं. गॅस्केटच्या एका बाजूला पत्रा असेल तर ती बाजू मॅनिफोल्डकडे. का, ते असं: हेड पाण्याने थंड राहतं, मॅनिफोल्ड तसं नाही. एक्झॉस्टचं बीड हेडपेक्षा तीनशे अंशांनी जास्त तापलं, तर एवढ्या लांबीच्या बिडाला एक मिलिमीटरपेक्षा जास्त वाढायचं असतं. म्हणजे प्रत्येक प्रवासात मॅनिफोल्ड हेडवर सरकतं आणि परत येतं. पत्र्यावर ते सरकू शकतं, मऊ बाजूवर ते गॅस्केटच फाडतं. गाडी तापली की टिकटिक का थांबते याचं उत्तरही इथेच आहे: वाढलेलं बीड फट दाबून बंद करतं.

एक्झॉस्ट, मग इनलेट, मग चार जाड वॉशर आणि सहा नट. सगळे नट बोटांनी फिरवा, पाना अजून नको. मग गाडीखाली जाऊन नव्या गॅस्केटसह खालचा पाइप लावा, तोही आधी हातानेच. पाइप आपल्या जागी ओढाताण न करता बसतोय ना ते पाहा. वरचं आधी घट्ट केलं आणि पाइप नंतर जोर लावून जुळवला, तर तो ताण कायमचा मॅनिफोल्डमध्ये राहतो. गिअरबॉक्सजवळचा कंसही याच वेळी लावा.

आता वर या. मधल्या नटांपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, आधी 7-8 फूट-पौंड, मग दुसऱ्या फेरीत 15 फूट-पौंड, म्हणजे साधारण 20 न्यूटन-मीटर. ऐकायला फारच कमी वाटतं. चाकाच्या नटाची सवय असलेला हात आणखी एक हिसका द्यायला शिवशिवतो. देऊ नका. पितळाचे आटे गेले तर पुन्हा सगळं उघडायचं. माझ्या आधी एका गॅरेजने या गाडीवर हवेच्या दाबाने नट आवळणारी बंदूक चालवली होती. दोन स्टडांचे आटे ओढून लांबलेले मिळाले ते त्यामुळेच. प्रत्येक आवळणीनंतर चारही वॉशरांकडे बाजूने बघा. सपाट आहेत का? एखादा कललेला दिसला तर तिथेच थांबा आणि जाडी पुन्हा मोजा. ही दोन मिनिटांची नजर मी पहिल्या वेळी टाकली असती, तर दोन गॅस्केट वाचल्या असत्या.

वरचं झाल्यावर खालच्या पाइपचे सहा नट आलटून-पालटून आवळा. मग हीटशील्ड, ठोकळे, कार्ब्युरेटर, केबली, नळ्या. फोटो आता कामी येतात. चोक पूर्ण आत जातोय आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर परत येतोय, हे हाताने तपासा.

पहिली सुरुवात

बॅटरी जोडा. किल्ली फिरवा, पण स्टार्टर मारू नका. मागून एसयूच्या पेट्रोल पंपाचा टिकटिक आवाज येईल, ही चांगली टिकटिक. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावते आणि थांबते. थांबत नसेल तर पेट्रोल कुठेतरी सांडतंय. किल्ली बंद करा आणि शोधा. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका, कारण सांडलेलं पेट्रोल पडणार ते थेट त्या मॅनिफोल्डवर.

सगळं कोरडं असेल तर सुरू करा. पहिली दहा मिनिटं मॅनिफोल्डवरचं तेल आणि बोटांचे ठसे जळून पांढरा धूर येईल, शेजारी खिडक्या लावून घेतील. धूर सांध्यातून येतोय की पृष्ठभागावरून, एवढं बघा. आवाज ऐका. इंजिन पंधरा मिनिटं चालू द्या, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत. मग पुन्हा त्याच क्रमाने, त्याच 15 फूट-पौंडांवर टॉर्क रेंच फिरवा. गॅस्केट दबून बसलेली असते, एखाद-दुसरा नट पाव फेरा घेतोच. कार्ब्युरेटर लावलेले असताना मधल्या नटांपर्यंत पोचायला लांब एक्स्टेंशन आणि थोडी कसरत लागते, पण जमतं.

दीडशे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर आणखी एकदा. मी ही दुसरी फेरी अ‍ॅबिंग्डनला एका मेळाव्याच्या पार्किंगमध्ये केली, गाडी तीन तास थंड झाल्यावर. शेजारच्या हिरव्या रोडस्टरवाल्या आजोबांनी माझा अर्ध्या इंचाचा सॉकेट उसना मागितला. त्यांच्या पेटीत 13 चा होता.